कार्डाने पैसे स्वीकारायचे आहेत? ‘मंजूर’ ते ‘जमा’ ही वाट आधी नीट पाहून घ्या

माझ्या पहिल्या विक्रीच्या दिवशी पडद्यावर ‘व्यवहार मंजूर’ अशी अक्षरं उमटली आणि मी लगेच पार्सल बांधायला घेतलं. मी अभ्यासपुस्तिका विकते, छापीलही आणि डिजिटलही. दोन आठवड्यांत अकरा विक्री झाल्या, अकरा पार्सलं गेली आणि बँकेच्या खात्यात काहीच आलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त मंजुरी’ हा पर्याय निवडलेला राहिला होता. मंजुरी दर वेळी मिळत होती, वसुली एकदाही झाली नव्हती. सहा मंजुऱ्यांची मुदत तोवर उलटून गेली होती. त्या सहा ग्राहकांना पत्र लिहून पुन्हा पैसे भरायची विनंती करावी लागली. चौघांनी भरले.

तेव्हा मला कुणी हे एकदा बसवून समजावलं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून हा लेख. कार्डाने पैसे घ्यायला पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी, मग तुमचा धंदा कुठलाही असो.

१. आधी माणसं ओळखा: एका व्यवहारात पाच जण असतात

ग्राहक आणि तुम्ही हे दोघे उघड दिसतात. बाकीचे तिघे पडद्याआड असतात.

ग्राहकाला कार्ड देणारी त्याची बँक. तुमच्या वतीने कार्डाचे पैसे स्वीकारणारी तुमच्या बाजूची बँक. आणि या दोन बँकांना जोडणारं कार्ड नेटवर्क, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, जेसीबी, युनियनपे वगैरे. नेटवर्क बहुतेक वेळा स्वतः कुणाला कार्ड देत नाही. ते नियम ठरवतं, निरोप पोचवतं आणि कुणी कुणाला किती द्यायचे याचा हिशेब मांडतं. अमेरिकन एक्सप्रेसचं तसं नाही. तिथे नेटवर्क आणि कार्ड देणारी संस्था बऱ्याचदा एकच असते, म्हणून तिचे दर आणि नियमही वेगळे असतात.

पेमेंट गेटवे यात कुठे बसतो? तो तुमच्या वेबसाइटवरून कार्डाची माहिती सुरक्षितपणे पुढे नेणारा दुवा आहे. पैसे त्याच्याकडे साठतातच असं नाही. सुरुवातीला मी गेटवेलाच बँक समजत होते आणि भलत्याच ठिकाणी तक्रारी करत होते.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. मर्चंट अकाउंट हे नावाने खातं असलं तरी बचत किंवा चालू खात्यासारखं नसतं. तो तुमच्या बाजूच्या बँकेने तुमच्याशी केलेला करार असतो आणि त्या करारात ती बँक तुमच्यासाठी जामीन राहते. उद्या तुम्ही माल न पाठवता गायब झालात, तर ग्राहकाचे पैसे तिला स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. इतकी कागदपत्रं का मागतात, पैसे का अडवून ठेवतात, विक्री एकदम वाढली तर कौतुक करण्याऐवजी प्रश्न का विचारतात, या सगळ्याचं मूळ या जामीनकीत आहे.

२. पैशाचा प्रवास: मंजुरी, वसुली, जमा

ग्राहकाने बटण दाबल्यावर तुमच्या बाजूने एक निरोप निघतो. तो नेटवर्कमार्गे त्याच्या बँकेपर्यंत जातो आणि उत्तर घेऊन काही सेकंदांत परत येतो. ही मंजुरी. ग्राहकाच्या बँकेने तेवढी रक्कम त्याच्या मर्यादेतून बाजूला काढून ठेवली, एवढाच तिचा अर्थ. पैसे अजून हललेले नसतात.

मग वसुली. मंजूर झालेली रक्कम आता खरोखर द्या, असं तुम्ही कळवायचं. डिजिटल वस्तू असेल तर मंजुरी आणि वसुली एकदमच होते. माल पाठवायचा असेल तर तो रवाना करताना वसुली करायची रीत आहे. मंजुरी कायम टिकत नाही. तिची मुदत कार्ड आणि धंद्याच्या प्रकारावर ठरते आणि ऑनलाइन विक्रीत ती काही दिवसांचीच असते.

शेवटी दिवसभराच्या वसुलीची एक गठ्ठा फाइल जाते, बँका आपसात हिशेब मिटवतात आणि कमिशन वळतं करून उरलेली रक्कम तुमच्या बँकखात्यात जमा होते. याला एक ते काही दिवस लागतात, सुट्ट्या आल्या तर आणखी.

इथेच एक खाचखळगा आहे. ग्राहकाने त्याच दिवशी ‘नको’ म्हटलं तर परतावा देऊ नका, व्यवहार रद्द करा. गठ्ठा जाण्याआधी रद्द केलेला व्यवहार ग्राहकाच्या स्टेटमेंटवर सहसा उमटतच नाही. गठ्ठा गेल्यानंतर मात्र परतावा हाच मार्ग उरतो. त्याला दिवस लागतात, आणि मूळ विक्रीवर कापलेलं कमिशन पुष्कळ ठिकाणी परत मिळत नाही.

३. स्वतःचं खातं की दुसऱ्याच्या छत्राखाली?

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे बँकेकडे थेट अर्ज करून स्वतःचं मर्चंट अकाउंट घेणं. छाननी आधी होते, वेळ लागतो, पण दरावर बोलणी करता येतात आणि नंतर अचानक धक्के कमी बसतात.

दुसरी वाट एकत्रित सेवा देणाऱ्यांची. पेपाल, २००९ साली सुरू झालेली स्क्वेअर, स्ट्राइप या त्यातल्या नावाजलेल्या. यांचं बँकेकडे एक मोठं खातं असतं आणि तुम्ही त्या छत्राखाली उपव्यापारी म्हणून येता. नोंदणी काही मिनिटांत होते. पण जी छाननी आधी व्हायची ती इथे नंतर होते, तुमची विक्री सुरू असताना. तुमचे पैसे त्यांच्याकडे असतानाच त्यांना शंका आली, तर ते आधी पैसे थांबवतात आणि मग प्रश्न विचारतात.

माझं मत विचाराल तर नवख्याने दुसऱ्या वाटेनेच सुरुवात करावी. मात्र नोंदणी करताना ‘तुम्ही काय विकता’ हा रकाना जीव ओतून भरा. माझ्या एका मैत्रिणीने तिथे नुसतं ‘सेवा’ लिहिलं होतं. पहिली मोठी रक्कम आली त्याच दिवशी तिचं खातं गोठलं आणि सुटायला तीन आठवडे गेले.

४. अर्जाची तयारी

हे सगळं एका फोल्डरमध्ये आधीच जमवून ठेवा:

- मालकाचं ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. कंपनी असेल तर मोठा हिस्सा असलेल्या प्रत्येकाचा
- धंद्याच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आणि करनोंदणी क्रमांक
- धंद्याच्या नावाचं बँकखातं आणि मागच्या काही महिन्यांची स्टेटमेंट्स
- महिन्याला अपेक्षित विक्री, सरासरी बिल आणि सगळ्यात मोठं बिल यांचे प्रामाणिक आकडे
- मागणी आल्यापासून माल पोचेपर्यंत लागणारे दिवस
- आधी दुसरीकडे खातं असेल तर तिथली स्टेटमेंट्स, चार्जबॅकच्या (ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने परत खेचलेल्या रकमांच्या) आकड्यांसकट

वेबसाइटचीही तपासणी होते. तिच्यावर वस्तूचं वर्णन, किंमत आणि चलन, परताव्याचं धोरण, पोचवण्याची मुदत, गोपनीयता धोरण आणि खरा संपर्क हवाच. माझा पहिला अर्ज परताव्याचं धोरण नव्हतं म्हणून परत आला. बाकी सगळं नीट होतं.

माल पोचायला जितका उशीर, तितकी जामीन बँकेची जोखीम जास्त. म्हणून सहा महिन्यांनी होणाऱ्या कार्यक्रमाची तिकिटं विकणाऱ्याची छाननी हातोहात माल देणाऱ्यापेक्षा कडक होते. हा तुमच्या सचोटीवरचा संशय नसतो, मनाला लावून घेऊ नका.

अर्ज मंजूर झाला की तुमच्या धंद्याला चार आकडी वर्गसंकेत मिळतो. पुस्तकांच्या दुकानाचा ५९४२, किराण्याचा ५४११, उपाहारगृहाचा ५८१२. तो बरोबर आहे ना, हे विचारून खात्री करा. दर, जोखमीचा दर्जा आणि कधीकधी ग्राहकाला मिळणारे पॉइंटही त्यावर ठरतात.

५. कमिशन कुठे जातं

तुम्ही भरता त्या कमिशनचे तीन वाटे होतात. सगळ्यात मोठा, ज्याला इंटरचेंज म्हणतात, तो ग्राहकाच्या बँकेला जातो. छोटा वाटा नेटवर्कला आणि उरलेला तुमच्या बाजूच्या बँकेला किंवा सेवा देणाऱ्याला. पहिल्या दोन वाट्यांवर तुमचा काही इलाज नाही. घासाघीस होते ती फक्त तिसऱ्यावर.

दर सांगण्याच्या तीन पद्धती आहेत. सरसकट एकच टक्का समजायला सोपा. इंटरचेंज अधिक ठरावीक भर यात कोणाला किती गेलं ते दिसतं, म्हणून विक्री वाढली की ही पद्धत मागा. तिसरी म्हणजे टप्प्यांची. तिच्यात ‘पात्र’ व्यवहारांचा दर जाहिरातीत झळकतो आणि तुमचे बरेचसे व्यवहार ‘अपात्र’ म्हणून महागड्या टप्प्यात जाऊन पडतात. तिच्यापासून लांब राहा.

टक्क्यांशिवाय दर व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही असते. लहान बिलांना ती बोचते. ती ३ असेल आणि बिल ५० चं असेल, तर टक्केवारी धरायच्या आधीच ६ टक्के गेले. मी डिजिटल पुस्तिका सुट्ट्या विकणं त्यामुळेच थांबवलं आणि पाच-पाचचे संच केले.

करारात आणखी हे शोधा: मासिक शुल्क, किमान मासिक रक्कम, चार्जबॅक शुल्क, मशिनचं भाडं आणि मुदतीआधी करार मोडल्यास दंड. मशिनच्या भाड्याचा करार कधीकधी मुख्य करारापासून वेगळा असतो आणि खातं बंद केल्यावरही चालूच राहतो. सही करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

६. कार्डाची माहिती स्वतःकडे ठेवू नका

ग्राहकाने कार्ड क्रमांक टाकायची चौकट तुमच्या सर्व्हरवरची नको, सेवा देणाऱ्याची असू द्या. तुम्हाला त्या बदल्यात एक टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा संकेत, मिळतं. पुढच्या वसुलीला ते पुरतं आणि चोराच्या हाती लागलं तरी त्याच्या उपयोगाचं नसतं.

कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येकाला पीसीआय डीएसएस हा सुरक्षा नियमसंच लागू होतो, महिन्याला दोनच विक्री असल्या तरी. तो २००४ मध्ये आला आणि त्यात १२ मुख्य अटी आहेत. चौकट पूर्णपणे बाहेरच्या सेवेची असेल तर तुमच्या वाट्याला सगळ्यात लहान स्वयंमूल्यांकन प्रश्नावली येते. क्रमांक स्वतः हाताळलात की सगळ्यात लांबलचक.

कार्डामागचा तीन आकडी सुरक्षा क्रमांक (अमेरिकन एक्सप्रेसवर पुढच्या बाजूला चार आकडी) मंजुरीनंतर कुठेही साठवायचा नाही. वहीत नाही, एक्सेलमध्ये नाही, फोन रेकॉर्डिंगमध्येही नाही. कधीतरी एखादा ग्राहक स्वतःहून ईमेलमध्ये सगळा कार्ड क्रमांक लिहून पाठवेल. त्या ईमेलला थेट उत्तर देऊ नका, नाहीतर क्रमांक उत्तरासोबत पुन्हा फिरेल. नवा ईमेल लिहा आणि जुना कचरापेटीतूनही काढून टाका.

७. नकार आला तर कोड वाचा

प्रत्येक उत्तराला दोन आकडी कोड असतो. ‘००’ म्हणजे मंजूर. ‘५१’ म्हणजे पुरेशी रक्कम नाही, ‘५४’ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ‘१४’ म्हणजे क्रमांक चुकीचा, ‘९१’ म्हणजे ग्राहकाच्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. ‘०५’ सगळ्यात त्रासदायक: बँक नाही म्हणते, कारण सांगत नाही. अशा वेळी ग्राहकानेच बँकेला फोन करायचा, तुम्हाला ती काही सांगणार नाही. ‘४१’ आणि ‘४३’ हे हरवलेल्या आणि चोरीच्या कार्डाचे कोड आहेत. तिथे पुन्हा प्रयत्न करायचाच नाही.

‘५१’ ला चार दिवसांनी पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. पण सॉफ्टवेअरला तासातासाला ठोकत बसू देऊ नका. व्हिसाच्या नियमात ३० दिवसांत १५ पुनर्प्रयत्नांची मर्यादा आहे.

एका रात्रीत शेकडो अगदी लहान रकमांचे प्रयत्न आणि बहुतेक नकार दिसले, तर तुमच्या पानावर चोरीची कार्डं चालतात का हे कुणीतरी तपासतंय असं समजा. माझ्याकडे हे झालं तेव्हा मी सकाळपर्यंत झोपले होते आणि प्रत्येक प्रयत्नाचं शुल्क मात्र लागत गेलं. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून) ठरावीक प्रयत्नांनंतर दार बंद होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा, आणि त्या रात्री मंजूर झालेले व्यवहार तक्रार यायची वाट न पाहता स्वतःहून परत करा.

८. चार्जबॅक

याला जास्त वेळ द्या. नवखा विक्रेता बुडतो तो बहुतेक इथे.

ग्राहक त्याच्या बँकेकडे जाऊन म्हणतो: हा व्यवहार मी केलेला नाही, किंवा माल आला नाही, किंवा सांगितला तसा नव्हता. त्याची बँक नेटवर्कमार्फत ती रक्कम परत खेचते. तुमची बँक ती तुमच्या खात्यातून वळती करते आणि वर शुल्क लावते. मग तुम्हाला विचारतात: मान्य आहे की लढायचं? पैसे आधी जातात, सुनावणी नंतर होते. ग्राहकाला तक्रारीसाठी साधारण १२० दिवस मिळतात आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत ते माल पोचायला हवा होता त्या तारखेपासून मोजले जातात. म्हणजे खात्यात आलेले पैसे पुढचे काही महिने पूर्णपणे तुमचे झालेले नसतात. मी आता एक हिस्सा कायम हात न लावता ठेवते.

माझ्यावर एका महिन्यात तीन चार्जबॅक आले, तिन्ही ‘हा व्यवहार ओळखत नाही’ म्हणून. तिघांनाही पुस्तिका मिळाल्या होत्या. घोटाळा नावाचा होता. त्यांच्या स्टेटमेंटवर माझ्या नोंदणीकृत संस्थेचं नाव छापलं जात होतं आणि वेबसाइटचं नाव निराळंच होतं. स्टेटमेंटवर दिसणाऱ्या नावाला साधारण २२ ते २५ अक्षरांची जागा मिळते. तिथे ग्राहकाच्या ओळखीचं नाव टाका, खात्री करायला स्वतःच्या कार्डाने एक खरी खरेदी करा आणि स्टेटमेंट डोळ्यांनी पाहा. चाचणी क्रमांकांनी केलेल्या व्यवहारात हे कळत नाही.

लढायचं ठरवलंत तर तक्रारीचा कारणसंकेत आधी वाचा. व्हिसाचा १०.४ म्हणजे कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक, १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही. पुरावा त्या संकेताला उत्तर देणारा हवा. १३.१ ला पोचपावती आणि सहीची नोंद, डिजिटल वस्तू असेल तर डाउनलोडची वेळ आणि आयपी पत्ता. १०.४ ला त्याच ग्राहकाचे जुने, वाद न झालेले व्यवहार कामी येतात. एप्रिल २०२३ पासून व्हिसाच्या नियमात असे १२० ते ३६५ दिवस जुने दोन व्यवहार, जुळणाऱ्या आयपी पत्त्यासारख्या खुणांसह दाखवायची सोय आहे. ‘ग्राहक खोटं बोलतोय’ असं दोन पानं लिहून काही होत नाही. मी लिहून पाहिलंय.

मुदत पाळा. नेटवर्कची मुदत काहीही असो, तुमची बँक स्वतःच्या कामासाठी त्यातले दिवस कापून तुम्हाला कमी दिवस देते. उत्तर गेलं नाही तर हार मान्य केली असं धरतात.

आणि एक चूक, जी भल्या माणसांकडूनच होते. चार्जबॅक दाखल झाल्यावर ग्राहकाला वेगळा परतावा देऊ नका. त्याला दोनदा पैसे मिळतात आणि दुसरे परत आणणं महाकठीण. परतावा द्यायचा तो तक्रार बँकेत जायच्या आधी. म्हणूनच संपर्काचा पत्ता ठळक ठेवा आणि ईमेलला त्याच दिवशी उत्तर द्या. मी एवढंच केल्यावर तक्रारी निम्म्याहून खाली आल्या.

थ्री-डी सिक्युअर, म्हणजे ग्राहकाच्या बँकेकडून ओटीपी किंवा ॲपवर होणारी ओळखतपासणी, वापरलीत तर ‘मी केलाच नाही’ या प्रकारच्या तक्रारीचा भार बहुतेक वेळा ग्राहकाच्या बँकेवर जातो. ‘माल आला नाही’ या तक्रारीपासून मात्र तिचं संरक्षण मिळत नाही.

९. पैसे अडवले तर

चार्जबॅकचं प्रमाण एकूण व्यवहारांच्या १ टक्क्याच्या आसपास पोचलं की जामीन बँक अस्वस्थ होते. विक्री एकदम दुप्पट-तिप्पट झाली तरीही. मग ती प्रत्येक वसुलीतला एक भाग, बहुधा ५ ते १० टक्के, राखून ठेवते आणि सुमारे सहा महिन्यांनी सोडते. तो दंड नसतो. खातं बंद केलं तरी ही रक्कम लगेच हातात पडत नाही, कारण तक्रारी मागून येत राहतात.

मोठी सवलत किंवा नवी वस्तू आणणार असाल तर आठवडाभर आधी बँकेला कळवा. मी आता दर हंगामाआधी दोन ओळी लिहून अपेक्षित आकडा कळवते आणि त्यानंतर एकदाही रक्कम अडलेली नाही.

बँकेने नियमभंगासाठी खातं बंद केलं तर तुमचं नाव मास्टरकार्डच्या मॅच या यादीत, म्हणजे बँकांनी खाती बंद केलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत, जाऊ शकतं. तिथे ते पाच वर्षं राहतं आणि मालकांची नावंही सोबत जातात, त्यामुळे नव्या नावाने धंदा काढूनही सुटका नाही. म्हणून ओळखीच्या कुणी ‘तुझ्या मशिनवर माझे चार व्यवहार करून दे’ म्हटलं तर स्पष्ट नकार द्या. दुसऱ्याचे व्यवहार स्वतःच्या खात्यातून फिरवणं हे त्या यादीत जाण्याचं एक थेट कारण आहे.

१०. महिन्याचा ताळमेळ

तीन कागद समोर घ्या: तुमच्या विक्रीची नोंद, सेवा देणाऱ्याचा अहवाल आणि बँकेचं स्टेटमेंट. बँकेत आलेली रक्कम कमिशन, परतावे, चार्जबॅक आणि राखीव भाग वजा होऊन आलेली असते. म्हणून हिशेबात विक्री पूर्ण दाखवा आणि वजावटी वेगळ्या. जमा झालेल्या रकमेलाच विक्री धरलं तर कराचा हिशेब चुकतो आणि कमिशनचा खर्चही दिसत नाही. महिन्याच्या शेवटी वसुली न झालेल्या मंजुऱ्यांची यादी काढा. माझ्याकडे ती आता रोज सकाळी आपोआप ईमेलने येते आणि कामाला बसल्यावर मी सगळ्यात आधी तीच उघडते.